बायजाबाईची मागची वाट

बायजाबाई कापगतेला हिरडाबोडीत एकही माणूस धड वाटत नसे, आणि ही गोष्ट सगळ्या हिरडाबोडीला ठाऊक होती. साकोलीहून आत वळलं की तळ्याच्या पाळीखाली हे गाव लागतं. गावाच्या मधल्या गल्लीत तिचं कवेलूचं घर आणि घरापुढे काळ्या दगडाचा ओटा. दिवस कलला की बायजाबाई सूप मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. सुपात कधी लाखोरीची डाळ असे, कधी तांदूळ. हात खडे वेचत आणि तोंड माणसं वेचत असे. गल्लीतून जाणाऱ्या एकालाही ती मोकळं सोडत नसे.

"आला पाह्य साकोलीचा साहेब. बापानं जनम म्हशी चारल्या, आन याले उन्हाचा चष्मा लागते."

साहेब ऐकू न आल्यासारखं करून पुढे जाई. पण घरी गेल्यावर चष्मा काढून ठेवी.

तिच्या शेजारी रुखमा बसायची. दोघी एकाच साली सुना म्हणून गावात आल्या होत्या, धानाच्या एकाच बांधीत वाकून रोपं लावत रोवणा केला होता, आणि रुखमाची ओळ त्या वेळी वाकडी जायची हे बायजाबाई अजून विसरली नव्हती. रुखमाला कमी ऐकू यायचं. बोललेलं तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागे, आणि पोचलं की ती हसत सुटे. तोवर बायजाबाई तिसऱ्या माणसावर गेलेली असायची. "हे येडी बयाड भेटली माह्या नशिबाले," ती म्हणायची. पण एखाद्या दिवशी रुखमा आली नाही, की सूप तसंच ठेवून तिच्या दारात जाऊन उभी राही आणि आली का नाही म्हणून भांडे.

दोघींच्या घरांच्या मधलं घर केशवरावांचं. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी करून ते घरी बसले होते. ते त्यांच्या ओट्यावर पेपर धरून बसत. केशवराव तर बायजाबाईच्या हिशेबात माणसातच नव्हते. "अख्खी नोकरी कंडक्टरकी केली, पन कोनाले 'पुढं सरका' म्हनाची हिंमत नाही झाली. लोक दारात लटकून जाऊन राहिले आन हे आपले तिकिटं फाडून राहिले." केशवराव हे ऐकत आणि पेपर थोडा वर धरत. बायको गेल्यापासून ते मुलाला, कैलाशला, घाबरून असत. त्याआधी बायकोला घाबरायचे.

तर असा तो ओटा होता. त्यावर कोणाचं कौतुक झालं नाही, पण गावात काय चाललंय, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची सून माहेरी गेली ते सगळं तिथे कळे. चहा दोन-तीन घरांतून येई. कोणी आजारी असलं तर ते दुसऱ्या दिवशीच लक्षात येई, कारण त्याची जागा रिकामी दिसे.

मग गल्लीत सिमेंटचा रस्ता आला.

तो आणला चंद्रकुमारनं. चंद्रकुमार त्या वॉर्डाचा मेंबर. निवडून आल्यापासून तो पांढऱ्या पँटशिवाय दिसत नसे. त्यानं माणसं आणली, फीत लावून मापं घेतली आणि सगळे ओटे रस्त्यात येतात म्हणून सांगितलं. गल्लीतल्या एकाही पुरुषाच्या तोंडून शब्द निघाला नाही. उलट जो तो आपला ओटा किती लवकर फुटेल ते पाहू लागला. बायजाबाईचा मुलगा मनिष साकोलीला मोटरसायकलचे पार्ट विकायचा. त्याला गाडी दारापर्यंत आणायची होती. केशवरावांनी तर आपली खुर्ची स्वतःच उचलून आत नेली.

बायजाबाई मात्र ओट्यावर बसून राहिली.

"आजी, गावाचा विकास होऊन राहिला. जरा उठा," चंद्रकुमार म्हणाला.

"गाव उठून राहिलं काय? मंग मीच कायले उठू?"

"सरकारी काम आहे जी."

"तुह्या बापाले मी नागडा पाह्यला तळ्यावर. तू मले सरकार नोको दाखवू."

चंद्रकुमार हसला. मतदाराला हसून पाहायचं असतं हे तो शिकला होता. शेवटी मनिषनंच आईला दंडाला धरून उठवलं. बायजाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं हात सोडून दिला आणि शर्टाला तळवे पुसत राहिला. दुपारपर्यंत ओट्याचे दगड ट्रॅक्टरमध्ये गेले होते.

जुना रस्ता खोदायची तसदी कोणी घेतली नाही. त्याच्यावरच गिट्टी टाकली, तिच्यावर सिमेंट ओतलं. रस्ता झाला तेव्हा तो घरांच्या उंबरठ्यांपेक्षा गुडघाभर उंच होता. मधे नाली, नालीवर एक फरशी, आणि ती फरशी पाय ठेवला की डुगडुगायची. बाहेर पडायचं तर आधी उंबरठ्याखाली उतरा, मग तोल सांभाळत फरशी ओलांडा, मग गुडघ्यावर हात रेटून रस्त्यावर चढा. चढून तरी काय करायचं? बसायला वीतभर जागा नाही, टेकायला भिंत नाही, आणि गुळगुळीत रस्ता मिळाल्यानं पोरांच्या गाड्या बंदुकीच्या गोळीसारख्या सुटलेल्या. आखाडात रस्त्यावरचं पाणी सरळ घरांत घुसलं. लोकांनी ते बादल्यांनी उपसलं आणि उपसता उपसता रस्ता किती मजबूत झाला याच्या गोष्टी केल्या. कोपऱ्यावर फलक लागला. त्यावर पुढाऱ्यांची इतकी तोंडं होती की रस्त्याचं नाव लिहायला जागा उरली नव्हती.

"मुतऱ्या मांजरायच्या फोटोले हार घाला आता," बायजाबाई म्हणाली. पण घरात म्हणाली. ऐकायला फक्त सून होती.

एकदा ती निघालीच होती. फरशी डुगडुगली, पाय नालीत गेला आणि नडगी सोलून निघाली. मनिषनं हळद लावली, आणि आता बाहेर पडायचं नाही असं बजावून टाकलं. टीव्हीसमोर गादीची खुर्ची आणून ठेवली. "जनमभर काम केलं, आई. आता आराम कर." पोरगा मनाचा वाईट नव्हता. म्हाताऱ्या माणसाला खुर्ची दिली की त्याचं सगळं झालं, असं त्याला मनापासून वाटायचं.

दिवस तसेच जाऊ लागले. टीव्हीवर बाया दागिने घालून भांडत. बायजाबाईनं सुरुवातीला त्यांनाही झोडपून पाहिलं. पण त्यांना ऐकू जात नाही, त्यांचं तोंड उतरत नाही, मग त्यात काय मजा? हळूहळू ती नुसती पाहू लागली. जेवायला वाढलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. संडासापर्यंत जाताना भिंत धरू लागली. मागच्या वर्षी हीच बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाळीवरून आली होती.

धान कापून झाले होते, थंडी सुटली होती. एक दिवस सून भावना तिला वाढता वाढता म्हणाली, "आई, आजकाल तुमी किती शांत झाल्या. पहिले किती कटकट करत होत्या. आता घरात बरं वाटते."

भावना हे प्रेमानं बोलली होती. बायजाबाईचा घास तोंडात तसाच राहिला.

तिनं ताटाकडे पाहिलं. वांग्याच्या भाजीत मीठच नव्हतं. अळणी भाजी अर्धी खाऊन झाली होती आणि ती चकार शब्द बोलली नव्हती. तिला आठवेना की शेवटची नावं आपण कोणाला आणि कधी ठेवली. समोरच्या घरातल्या नव्या सुनेचं नावही तिला माहीत नव्हतं. शांत! गोठ्यातली भाकड म्हैस शांत असते. अंगावर थंडीचा काटा यावा तसा तिला काटा आला.

"रुखमा कशी आहे वो?" तिनं विचारलं.

"असतात घरातच. त्यायची सून वावरात जाताना बाहेरून कडी लावून जाते. पडतील म्हून."

"कडी? माणसाले?"

"मंग काय करन? पडल्या तर कोन पाहीन?"

बायजाबाईनं ताट सरकवलं. "भाजीत मीठ नाही," ती म्हणाली. "तुह्या मायनं तुले मीठ दाखवलं नव्हतं काय?" भावनाचा चेहरा उतरला आणि बायजाबाईच्या पोटात कितीतरी दिवसांनी ऊब आली.

दुसऱ्या दिवशी मनिष दुकानात गेला, भावना अंगणवाडीत कामाला गेली. बायजाबाईनं खुंटीवरचा विळा काढला आणि पुढच्या दाराकडे न पाहता मागचं दार उघडलं.

मागे सांदवाडी होती. सगळ्या घरांच्या मागे अशी एकेक वाडी, कोणाच्या वाडीत वालाचे वेल, कोणाच्या शेवग्याचं झाड, शेणखताचे ढीग, वाळत घातलेल्या गोधड्या. इथे विकास पोचला नव्हता. जमीन होती तिथेच होती, सपाट आणि पायाला मऊ. रुखमाची वाडी दोन कुंपणांपलीकडे. मधली वाडी केशवरावांची, म्हणजे आता कैलाशची, आणि तिच्या दोन्ही अंगांना बेशरमच्या काड्यांचं कुंपण, वरून तार. झाडाचं नाव ज्यानं ठेवलं त्यानं कैलाशला पाहूनच ठेवलं असणार, असं बायजाबाईचं आधीपासूनचं मत होतं.

एका हातात विळा आणि दुसऱ्या हातानं जे सापडेल ते धरत ती कुंपणापर्यंत गेली. दोनदा थांबली. मग खाली बसून तिनं काड्या कापायला घेतल्या. सगळ्या आयुष्यात तिनं धान कापलं होतं. हाताला विळ्याची सवय होती.

कैलाश वाडीतच होता. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर रेघा आखत होता. कुंपण काढून तिथे पक्की भिंत घालायची, असं त्याचं चाललेलं. आवाज आला म्हणून त्यानं वळून पाहिलं आणि फक्कीचं टोपलं खाली ठेवलं.

"काकू! काय करून राहिल्या? कुंपण कायले कापता?"

"जागा पाह्यजे म्हून."

"जागा? कशाची जागा? माह्या वाडीतून जाता काय?"

"मंग उडून जाऊ काय? पुढून तुमी रस्ता केला गाड्यायसाठी. मागून माणसायले जाऊ द्या."

"हे बरोबर नाही, काकू. मनिषले फोन लावतो मी."

"लाव. थो खुर्ची आनून देईन तुले बी."

कैलाश तिच्या हातातला विळा घ्यायला पुढे झाला. पण विळा तसाच उभा धरलेला होता आणि म्हातारीची नजर काही बरी नव्हती. तो दोन हातांवर थांबला.

"माह्या बापाचं कुंपण आहे हे," तो म्हणाला.

"मंग बापाले बोलव ना. जित्ता आहे का थो?"

बाप जिवंत होता. मागच्या खोलीच्या दारात केशवराव उभे होते. बायजाबाईनं त्यांना कितीतरी महिन्यांनी पाहिलं. गळ्याची कातडी लोंबली होती, दाढी वाढली होती आणि अंगात स्वेटर उलटा होता. ओट्यावर पेपर धरून बसणारा माणूस निदान दाढी करून बसायचा.

"पाहा," बायजाबाई म्हणाली, "मेलेलाच दिसते. भाऊजी, स्वेटर उलटा आहे तुमचा. सरळ घालाले बी पोराची परवानगी लागते काय?"

केशवरावांनी खाली स्वेटरकडे पाहिलं.

"बाबा, तुमी आत जा. थंडी आहे," कैलाश म्हणाला.

केशवराव दारातच थांबले. पुढे काय होणार हे बायजाबाईला ठाऊक होतं. हा माणूस आता आत जाणार. बाईला बसायला जागा नाही, बस फुल्ल आहे, मुलगा नाही म्हणतो, काहीही असो, हा आत जाणार. तिनं तोंड फिरवलं आणि पुन्हा काड्यांना हात घातला.

पण पावलं जवळ आली. केशवराव कुंपणाशी आले, त्यांनी दोन्ही हातांनी तार धरून खाली दाबली आणि अर्धवट कापलेल्या काड्यांवर चप्पल ठेवली.

"वहिनी, पाय उचलून टाका. खाली खुंट आहे," ते म्हणाले. मग मुलाकडे न पाहता म्हणाले, "भिंत नोको बांधू इथं."

"काहून? कोनं सांगितलं?"

"मी सांगून राहिलो. घर अजून माह्या नावानं आहे."

कैलाश तोंड उघडं टाकून बापाकडे पाहत राहिला. त्याला राग यायला हवा होता, पण आधी नवलच वाटलं.

बायजाबाई पलीकडे आली. आभार मानायची तिला सवय नव्हती. "नोकरीत असताना आली असती हे अक्कल," ती म्हणाली, "तर लोक दारात लटकले नसते." आणि दुसऱ्या कुंपणाला लागली. ते कुंपण केशवरावांनी हातांनीच उपटलं.

रुखमाच्या मागच्या दाराला कडीत तार गुंडाळून लावलेली होती. ती सोडून बायजाबाई आत गेली. खोलीत अंधार होता आणि कोंडलेला वास. रुखमा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांच्या जटा झालेल्या.

"रुखमे!"

रुखमा हलली नाही. बायजाबाईनं तिच्या कानाशी जाऊन पुन्हा हाक मारली, तेव्हा तिनं मान वळवून पाहिलं आणि घाबरून गोधडी वर ओढली.

"कोन?"

"तुही सवत."

रुखमा तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "रोवणे झाले काय वो?"

बाहेर धानाची मळणी चालू होती आणि ही रोवण्याचं विचारत होती. बायजाबाईला रडू आलं असतं. पण तिला रडण्यापेक्षा चीड लवकर यायची आणि त्या दिवशी ती अशी आली की तिच्या गुडघ्यांत बळ आलं. तिनं कोनाड्यातली फणी घेतली, तेलाची बाटली घेतली आणि रुखमाच्या मागे बसून जटा सोडवायला लागली.

"सुनेले दोन पोळ्या जास्त खाऊ घालत होती ना? लाडाची सून! तिनं तुले कोंबडीवानी झाकून ठेवलं. तुही ओळ वाकडी, तुही अक्कल वाकडी. मान सरळ ठेव."

केस ओढले गेले की रुखमा कण्हत होती. मधेच म्हणाली, "बायजा, हळू वो." नाव आठवलं होतं. बायजाबाईनं फणी थांबवली नाही, पण हात हलका केला.

तिनं आणि केशवरावांनी मिळून तिला बाहेर उन्हात आणलं. तिचे पाय तुराट्यांसारखे झाले होते, चार पावलांवर बसत होती. केशवरावांच्या वाडीतल्या शेवग्याखाली शेणखताच्या ढिगाजवळ एक पालथं टोपलं होतं, त्यावर तिला बसवलं. केशवराव जाऊन आपली खुर्ची घेऊन आले. आणताना स्वेटर सरळ करून आले होते.

संध्याकाळी रुखमाची सून वावरातून आली आणि सासूला वाडीत पाहून किंचाळली.

"पडल्या असत्या तर? हातपाय मोडले असते तर कोनी केलं असतं?"

"पडली असती तर उचलली असती," बायजाबाई म्हणाली. "सडवली तुमी, थे कशी उचलू?"

सुनेनं खूप आदळआपट केली. तिचंही खोटं नव्हतं. वावर, घर, दोन लेकरं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं आणि पडलेल्या म्हातारीचं कोण करणार हा तिचा प्रश्न खराच होता. पण बायजाबाईनं ते कबूल करायचं कारण नव्हतं. कडीची तेवढी तार तिनं नेऊन उकिरड्यात टाकली. पुन्हा कोणी लावली नाही.

त्या दिवसापासून वाडीत बसणं सुरू झालं. रोज येण्याजाण्यानं कापलेल्या कुंपणांमधून पायवाट पडली. मग गल्लीतली बाकीची म्हातारी माणसंही मागच्या दारानं येऊ लागली. कोणी आपलं कुंपण कापलं, कोणी फाटक काढलं. बायजाबाईनं एकेकाचा उद्धार केला. "इतके महिने घरात मेले होते, आन आता आयत्या वाटेनं आले." लोक हसत आणि बसत. नत्थू नावाचा एक म्हातारा तिच्या तोंडाला घाबरून लांब बसे, त्याला ती मुद्दाम जवळ बोलावून ऐकवी.

रुखमा पहिल्यासारखी झाली नाही. एखाद्या दिवशी ती बायजाबाईला आपली मेलेली बहीण समजे आणि माहेरचं विचारत बसे. बायजाबाई खोटी उत्तरं देई आणि ती बहीण कशी आळशी होती तेही सांगे. पण रुखमा आता स्वतःच्या पायानं शेवग्यापर्यंत येत होती आणि चहात साखर कमी पडली तर सांगत होती. बायजाबाईची भिंत सुटली. भावनाच्या वाट्याला मात्र भाजी, भाकरी, पदर, माहेर, सगळं पुन्हा आलं. घरातली शांतता गेली म्हणून तिनं मनिषकडे तक्रार केली. मनिषनं दुकानात उशिरा थांबायला सुरुवात केली.

उन्हाळ्याच्या तोंडाला चंद्रकुमार आला. पुढच्या रस्त्यानं आला आणि कैलाशच्या घरातून मागे उतरला. सोबत मोबाईल धरलेला एक माणूस. वाडीतली मंडळी पाहून त्यानं हात जोडले.

"वा, वा! हेच पाह्यजे गावाले. आजी, आपण इथं जमिनीवर सिमेंटचे गट्टू बसवून देऊ. पूर्ण पट्टा. बाजूनं रेलिंग. ज्येष्ठ नागरिक पथ! आन सिमेंटचे बाकडे टाकू, मागं टेकाले. माह्या फंडातून."

"बाकड्यावर नाव कोनाचं?" बायजाबाईनं विचारलं.

"थे... सौजन्य म्हून टाकाच लागते जी."

"म्हंजे आमी तुह्या नावावर बुड टेकवून बसाचं."

मोबाईलवाला फिसकन हसला. चंद्रकुमारनं बसायला जागा शोधली. टोपली होती, एक फुटका पाटा होता. त्याची पँट पांढरी होती, म्हणून तो उभाच राहिला.

"आजी, तुमच्याच भल्यासाठी सांगून राहिलो."

"गट्टू बसवशीन, मंग त्याच्यावर गाड्या येतीन. मंग गाडीले अडते म्हून शेवगा कापशीन. मंग आमाले म्हनशीन, घरात बसा, पडान." तिनं हातातलं सूप पाखडलं आणि फोलपटं बरोबर त्याच्या बुटांवर गेली. "तुह्यानं भलं होत असते तर तुह्या मायचं झालं असतं. थे कुठी बसते आता, सांग बरं?"

चंद्रकुमार बुटांवरची फोलपटं झटकू लागला. त्याची आई नव्या जांभळ्या घरात वरच्या मजल्यावर होती. जिना उतरता येत नाही म्हणून ती दिवाळीपासून खाली आलेली नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"आनून सोड तिले इथं," बायजाबाई म्हणाली. "तिले बी ऐकवाचं आहे मले गंज काही. बाकी तू आमच्यासाठी काही करू नोको."

फोटो न काढताच तो गेला. आई काही त्यानं आणली नाही. आणेल असं बायजाबाईला वाटलंही नव्हतं.

तो गेल्यावर केशवरावांनी कंबरेला हात लावला. मग घसा साफ करून हळूच म्हणाले, "वहिनी, गट्टू नाही तर नाही. पन एक बाकडं घ्याचं होतं. मले टेकाले पाह्यजे. खुर्चीची पाठ तुटली, कंबर दुखते."

बायजाबाईनं सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे वळली. ती जे बोलायला लागली, ते पलीकडे भावनानं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली तरी ऐकू येत होतं.